भाडोत्री म्हणा, पण फ्लोरिडा बघा

अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलमध्ये ट्रान्सफर, म्हणजे दुसऱ्या कॉलेजातून बदलून आलेले खेळाडू, हे एका हंगामाचे भाडोत्री, त्यांना घडवण्याचा प्रश्नच येत नाही, असं काही जण म्हणतात. मला हे अर्धंच पटतं.

२०२५ चा राष्ट्रीय विजेता फ्लोरिडा विद्यापीठाचा संघ घ्या. वॉल्टर क्लेटन ज्युनिअर आयोना विद्यापीठातून आला, विल रिचर्ड बेलमाँटमधून, अलायजा मार्टिन फ्लोरिडा अटलांटिकमधून. म्हणजे बॅककोर्ट (चेंडू खेळवणारे गार्ड) जवळजवळ सगळं बाहेरचंच! पण रिचर्ड फ्लोरिडात तीन वर्षं होता आणि क्लेटन दोन. एका वर्षाचा पाहुणा फक्त मार्टिन, आणि तोही २०२३ ची फायनल फोर (राष्ट्रीय स्पर्धेची उपांत्य फेरी) खेळून आलेला, त्यामुळे त्याला काही शिकवत बसावं लागलं नाही.

क्लेटन तर आयोनातही मुख्य स्कोअररच होता, तेव्हा पॉइंट्सचं कौतुक मला फारसं नाही. उपांत्य सामन्यात ऑबर्नविरुद्ध ३४ केले, ठीक. मला आठवते ती ह्यूस्टनविरुद्धची फायनल. पहिल्या हाफमध्ये त्याचा एकही पॉइंट नाही, आणि ह्यूस्टनच्या शेवटच्या चढाईला तोच धावत जाऊन त्यांच्या एमॅन्युएल शार्पसमोर उडी घेतो. शार्पला शॉट मारताच आला नाही. फ्लोरिडा ६५-६३ ने जिंकलं. अशी जबाबदारी अंगात मुरायला वेळ लागतो, ती एका उन्हाळ्यात येत नाही.

(हरलेल्या ह्यूस्टनचे क्रायर आणि उझान हे खेळाडूही ट्रान्सफरच, बरं का.)

२०२४ मध्ये नियम बदलला आणि अभ्यासाच्या अटी पाळल्या तर कितीही वेळा कॉलेज बदलून लगेच खेळण्याची मुभा मिळाली. त्यामुळे खरी अडचण खेळाडू आणण्याची नाही, आलेल्याला दुसऱ्या वर्षी टिकवण्याची आहे.