'इंटरस्टेलर': गुरुत्वाकर्षण चोख, मग यानाचा हिशेब कच्चा का?

गोदाकाठ
ख्रिस्तोफर नोलनचा 'इंटरस्टेलर' (२०१४) कुठल्या कादंबरीवर किंवा जुन्या मालिकेवर बेतलेला नाही. १६९ मिनिटं नवं काहीतरी उभं करायची हिंमत मला मनापासून आवडते. कृष्णविवराजवळ मंदावणारा काळ इतक्या काटेकोरपणे व्यावसायिक सिनेमात क्वचितच आलाय. पण यान उडवायची वेळ आली की हिशेब सुटतो.

पृथ्वीवरून निघताना रेंजर यानाला अनेक टप्प्यांचं अजस्र रॉकेट लागतं. कथेतल्या कृष्णविवराजवळच्या मिलरच्या ग्रहावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या १३० टक्के, तरी तिथून तेच रेंजर एकटं वर येतं. त्याहून मोठी अडचण वेगाची. तो ग्रह कृष्णविवराभोवती प्रकाशाच्या जवळपास निम्म्या वेगाने फिरतो आणि मुख्य यान दूर थांबलेलं. म्हणजे उतरताना सेकंदाला सुमारे १ लाख किमीचा वेगबदल, परतताना पुन्हा तेवढाच. चांगल्यातल्या चांगल्या रासायनिक इंधनाचा झोत सेकंदाला साडेचार किमीच्या आसपास असतो. विज्ञानाचा दावा करणाऱ्या सिनेमाला हे माफ करू नये.

तारांगण_४२२
वेगबदल इंधनाने होतो असं सिनेमा म्हणतच नाही. न्यूट्रॉन ताऱ्याला वळसा घालून वेग कमी करायचा, असं कूपर (सिनेमाचा नायक, यानाचा वैमानिक) स्पष्ट सांगतो. सिनेमाचे सल्लागार, भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांचाच हिशेब असा की न्यूट्रॉन तारा त्याला पुरत नाही, साधारण पृथ्वीच्या आकाराचं मध्यम कृष्णविवर हवं. पडद्यावर आणखी एक कृष्णविवर आणलं तर प्रेक्षक गोंधळतील म्हणून तारा ठेवला. ही तडजोड आहे, अज्ञान नव्हे.

'मिलरच्या ग्रहावरचा १ तास म्हणजे पृथ्वीवरची ७ वर्षं' ही अट दिग्दर्शकाची. त्यासाठी काळ ६१ हजार पटींनी मंदावायला हवा. कृष्णविवराची गिरकी कमाल मर्यादेच्या इतकी जवळ लागते की फरक १ भागिले १ वर १४ शून्यं एवढाच उरतो. थॉर्न यांनी आधी 'अशक्य' म्हटलं, मग गणित मांडून वाट काढली. कथेने शास्त्रज्ञाला कामाला लावलं. मला या सिनेमाचं सगळ्यात मोठं मोल इथे वाटतं.

गोदाकाठ
मग चित्रातही तीच गिरकी दाखवायची होती. पडद्यावरचं कृष्णविवर कमाल गिरकीच्या ०.६ पटीने काढलंय. शिवाय त्याभोवती फिरणाऱ्या तप्त वायूच्या तबकडीची आपल्याकडे येणारी बाजू प्रखर आणि दूर जाणारी मंद दिसायला हवी. तो परिणाम मुद्दाम वगळला. २०१९ मध्ये एम८७ या दीर्घिकेतल्या कृष्णविवराची प्रतिमा आली, त्यात कडं एका बाजूला ठळकपणे उजळ आहे.

ओझरकर
मला खटकतो तो जोडणीचा प्रसंग: स्फोटानंतर गरगरणाऱ्या, कड्याच्या आकाराच्या मुख्य यानाला कूपर छोटं यान जोडतो. क्रम अगदी बरोबर आहे: आधी अक्ष जुळवायचा, मग फिरण्याचा वेग, मग सावकाश पुढे सरकायचं, कुलूप बसलं की उलट झोत देऊन फिरणं थांबवायचं. आकडे मात्र जीवघेणे आहेत. कड्याची त्रिज्या ३० मीटर धरा. मिनिटाला साडेपाच फेऱ्यांना कडेवर १ जी, म्हणजे पृथ्वीवरच्या वजनाइतका जोर, मिळतो. प्रसंगात फेरे ६८. बल वेगाच्या वर्गाने वाढतं, म्हणजे कडेवर १५५ जी! अक्षापासून २ मीटरवर बसलेल्या माणसालाही १० जी. आपल्या ओझरला जुळणी होणारं सुखोई-३० ९ जीपर्यंत जातं, तेही जी-सूट घातलेल्या वैमानिकासह आणि थोडाच वेळ. सोबतची शास्त्रज्ञ ब्रँड बेशुद्ध पडते ते पटतं, कूपरचं शुद्धीत राहणं नाही.

आणि स्फोटाने कड्याचा भाग उडालाय. गुरुत्वमध्य सरकला की फिरण्याचा अक्ष जोडणीच्या तोंडातून जाणारच नाही. दार गोल गोल भटकत राहील. तिथे नेम धरणार कसा?

दिंडोरी_बाग
यान राहू द्या, पृथ्वीवरचा रोगच पटत नाही. गहू गेला, भेंडी गेली, आता मका जाणार. द्राक्षावरचा डाऊनी रोग शेजारच्या मक्यावर चढत नाही. बहुतेक बुरशींचं यजमान पीक ठरलेलं असतं. गहू-मका एका कुळातले, भेंडी कापसाच्या कुळातली. एकच रोग सगळ्यांना खातो म्हणायचं तर निदान एक वाक्य कारण द्या. सिनेमातला रोग हवेतला नायट्रोजन वापरतो, एवढ्याने तो भेंडीत कसा शिरला, ते कळत नाही.

तारांगण_४२२
दिंडोरी दादा, यजमान पिकाचा मुद्दा मान्य. पण एकाच वाणाने देश व्यापला की काय होतं, ते अमेरिकेने १९७० मध्ये पाहिलंय. तिथल्या मक्याच्या सुमारे ८५ टक्के क्षेत्रात एकाच प्रकारचं पेशीद्रव्य असलेलं संकरित बियाणं होतं. करप्याने एका हंगामात जवळपास १५ टक्के पीक नेलं. मक्याच्या अखंड शेतांमागची भीती तिथून आलेली दिसते.

दिंडोरी_बाग
त्याच उदाहरणात उपायही आहे. पुढच्याच हंगामापासून साध्या पेशीद्रव्याचं बियाणं वाढवलं आणि साथ ओसरली. सिनेमात कुणी वाण बदलून पाहत नाही, प्रतिकारक जात शोधणारा एकही माणूस नाही. शेतकरी हातावर हात ठेवून बसलेला दाखवलाय, माझा राग त्यावर आहे.

पंचवटी_वाचक
नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने पाठवलेली पहिली कथा 'कृष्णविवर'च होती. २०२१ मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षही तेच. त्यामुळे काळ मंदावण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. सिनेमाने त्यात बापलेकीचं नातं आणलं, २३ वर्षांचे साठलेले निरोप एका बैठकीत ऐकायला लावले. आकड्याचं दुःख करून दाखवणं मला जोडणीच्या चुकीपेक्षा फार मोठं वाटतं. शेवटची पुस्तकांच्या कपाटामागची जागा मात्र मला अजिबात पटली नाही. तिथे विज्ञान सोडून सोयीचा आधार घेतलाय.

ओझरकर
निरोपांचा प्रसंग थोर आहे, वादच नाही. फेरे ६८ऐवजी १५ ठेवले असते तर कडेवर साडेसात जी आले असते, २ मीटरवर अर्ध्या जीच्या आसपास. थरार तेवढाच राहिला असता आणि कूपर शुद्धीवर का, हा प्रश्नही उरला नसता.