रोल मॉडेलला मराठीत काय म्हणावं? कर्णधार, तांडेल, नायक आणि कित्ता

प्रश्न (रत्नागिरी तालुका)

आमच्या मंडळाच्या कबड्डी स्पर्धेत यंदा एका जुन्या खेळाडूचा सत्कार आहे आणि मानपत्राचा मसुदा माझ्या गळ्यात पडलाय. हा माणूस डाव्या कोपऱ्यावर खेळायचा. कर्णधार कधीच नव्हता, पण चढाईला आलेल्याच्या घोट्याची पकड कशी धरायची हे वाडीतली पुढची सगळी पोरं त्याच्याकडे बघून शिकली. मसुद्यात एकाने 'संघाचे समर्थ नेतृत्व केले' असं लिहिलंय, ते खरं नाही. दुसऱ्याने 'रोल मॉडेल' सुचवलंय. 'आदर्श' म्हटलं की आदर्श विद्यार्थी, आदर्श ग्राम, आदर्श पतसंस्था असं सगळं डोळ्यांपुढे येतं आणि माणूस हरवतो. नेमका शब्द कोणता वापरावा?

प्रतिसाद १

दादा, मसुद्यातलं 'नेतृत्व' खोडलंत हे फार बरं केलंत. मानपत्रात खोटं एक वाक्य असलं तरी ज्याचा सत्कार त्याला ते टोचतं.

आधी 'कर्णधार' बघू, म्हणजे तो इथे का चालत नाही हे नीट कळेल. कान धरून संघ चालवणारा, अशी याची फोड बरेच जण करतात. पण संस्कृतात 'कर्ण' म्हणजे नावेचं सुकाणूही, आणि ते हाती धरणारा तो कर्णधार. क्रिकेट आणि कबड्डीच्या बातम्यांत रोज वापरला जाणारा हा शब्द मुळात दर्यावरचा आहे. आपल्या किनाऱ्यावर ते काम करणाऱ्याला आपण तांडेल म्हणतो. जाळं कुठे टाकायचं, वारा फिरला तर माघारी कधी वळायचं, हे तो ठरवतो. बोट ज्याची तो नाखवा, फारसीतल्या 'नाखुदा'वरून आलेला. 'सुकाणू' अरबी 'सुक्कान'वरून आलं. पाण्यावर तांडेलाचा शब्द चालतो, बंदरावर नाखव्याचा.

हा भेद मला फार मोलाचा वाटतो, कारण बाकीच्या मराठीत तो पुसट झालाय. आयपीएलमध्ये लिलावात बोली लावणारा संघमालक हा नाखवा, आणि मैदानात क्षेत्ररक्षण लावणारा तांडेल. सिनेमात निर्माता आणि दिग्दर्शक यांचं नातं तसंच. आपण मात्र दोघांनाही 'लीडर' म्हणून मोकळे होतो. 'दिग्दर्शक' हा शब्द सावरकरांनी सुचवलेल्या शब्दांपैकी मानला जातो. १९२४ ते १९३७ ते रत्नागिरीत स्थानबद्ध होते, म्हणून आपल्याकडे तो जरा जास्त आपुलकीने सांगितला जातो. दिशा दाखवणारा, इतकाच त्याचा अर्थ. हुकूम सोडणारा, पैसे घालणारा, पडद्यावर दिसणारा, यातलं काहीच त्यात नाही. म्हणूनच तो टिकला असं मला वाटतं.

आता 'नायक'. नेता, नायक, अभिनेता हे तिन्ही 'नी' या एकाच धातूचे, म्हणजे नेणारे. धनंजयाच्या दशरूपकात नाट्याचे भेद सांगताना 'वस्तु, नेता, रस' असे तीन निकष येतात, आणि तिथला नेता म्हणजे कथानायक. राजकारणातला नेता आणि पडद्यावरचा हिरो यांचं घराणं असं एक आहे. खेळावरच्या सिनेमांत मात्र नायक आणि कर्णधार एकच असतो असं नाही. 'लगान'मध्ये (२००१) भुवन दोन्ही आहे. 'चक दे इंडिया'मध्ये (२००७) नायक मैदानाबाहेर उभा असलेला प्रशिक्षक, आणि कर्णधार आहे विद्या शर्मा नावाची गोलरक्षक. सिनेमा पाहिलेल्या दहा जणांना विचारा, कबीर खान सगळे सांगतील, विद्याचं नाव दोघंतिघंच. म्हणजे नायक तो, ज्याच्यावर बघणाऱ्यांची नजर खिळते. संघ कोण चालवतो हा वेगळा प्रश्न.

तुमच्या माणसाची तऱ्हा तिसरीच. त्याच्याकडे पद नव्हतं, त्याच्यावर झोतही नव्हता, तरी पोरं त्याच्यासारखी खेळायला लागली. यासाठी मराठीत तयार शब्द आहे: कित्ता. पूर्वी गुरुजी धुळपाटीवर अक्षर काढून देत आणि मूल त्यावरून बोट फिरवत राही. हात थरथरला तर रेघ बाहेर जाई, मग पुन्हा पहिल्यापासून. अक्षराला वळण लागायचं ते त्या गिरवण्यातून. गुरुजी तोवर दुसऱ्या मुलाकडे वळलेले असायचे. 'आदर्श' म्हणजे मुळात आरसा. आरशात आपण बघतो आणि बाजूला होतो. कित्ता गिरवायला मेहनत लागते, आणि घोट्याची पकड मेहनतीशिवाय येत नाही. तेव्हा असं लिहा: 'त्यांच्या पकडीचा कित्ता गावातल्या पुढच्या पिढीने गिरवला.' मानपत्राला जरा भारदस्त हवं असेल तर 'कोपऱ्यावर कसे खेळावे याचा त्यांनी वस्तुपाठ घालून दिला' हेही चालेल. मला पहिलं आवडतं, त्यात पोरंही येतात.

पद नसताना प्रभाव, याचं सगळ्यात मोठं उदाहरण पालवणकर बाळूंचं. आडनाव आपल्या कोकणातल्या गावावरून आलेलं. डावखुरे फिरकी गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. तरी मुंबईत धर्मवार संघांत होणाऱ्या सामन्यांतल्या हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना मिळालं नाही, कारण त्यांची जात. पुढे १९२३ मध्ये धाकटे भाऊ विठ्ठल त्याच संघाचे कर्णधार झाले. ते पद विठ्ठलना मिळालं त्यामागे बाळूंची सगळी गोलंदाजी उभी होती. तरुणपणी आंबेडकरांना बाळूंचा मोठा अभिमान होता, आणि तरी १९३७ च्या निवडणुकीत ते दोघे एकमेकांसमोर उभे राहिले. कित्ता गिरवणारा पुढे स्वतःचं अक्षर काढतो, आणि काढावंच. 'प्रभाव' या शब्दात हे मावत नाही. 'पगडा' तर पार उलट, त्यात डोकं दुसऱ्याच्या ताब्यात जातं. आजच्या इन्फ्लुएन्सरना 'प्रभावक' म्हणायची टूम निघालीय, तीही मला पटत नाही. ज्याच्याकडे बघून आपण साबण बदलतो आणि ज्याच्याकडे बघून आपण खेळ बदलतो, त्या दोघांना एक शब्द कसा पुरेल?

प्रतिसाद २ (हर्णै)

काका, तांडेलाबद्दल एक भर घालतो. बोट नाखव्याची असली तरी खलाशी तांडेल बघून बोटीवर चढतो. चांगला तांडेल दुसऱ्या बोटीवर गेला की त्याची माणसंही बऱ्याचदा त्याच्यामागून जातात. आमच्याकडे त्याला 'नेता' म्हटलेलं मी ऐकलं नाही. 'त्याचा हात चांगला आहे' असं म्हणतात. मासळी सापडते म्हणून हात चांगला, आणि हात चांगला म्हणून शब्दाला वजन.

प्रतिसाद ३ (कुडाळ)

आमच्या मालवणीत 'तेच्या शब्दाक मान आसा' म्हटला की पुरता, पुढे पद सांगूक लागणा नाय.

सिनेमाची गोष्ट निघालीच आहे तर दशावतार बघा. तिथे लिहिलेले संवाद नसतात. रंगायला बसताना आख्यान ठरतं, कुणी कधी प्रवेश करायचा ते ठरतं, आणि बोलणं ज्याचं त्याने रंगभूमीवर उभं राहून करायचं. नवा पोरगा राजाच्या भूमिकेत अडखळला की समोरचा जुना नट त्याला असा प्रश्न टाकतो की उत्तरात त्याचा पुढचा संवाद सापडावा. पेटीवरचा बुवाही मध्येच गाण्याचं पद उचलून त्याला श्वास घ्यायला वेळ देतो. प्रेक्षकांना काही कळत नाही. याला नेतृत्व म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा, मी 'सांभाळून घेणं' म्हणेन. मानपत्रात हा शब्दप्रयोग आला तर मला आवडेल. कोपऱ्यावरचा जुना खेळाडू शेजारच्या नवख्याला असाच सांभाळून घेत असणार.

प्रतिसाद ४ (चिपळूण)

मी मुलींच्या संघात खेळते, म्हणून एक शंका. आमच्या प्रमाणपत्रावर 'संघनायिका' छापून आलं आणि सगळ्या हसल्या, कारण नायिका म्हटलं की सिनेमातलीच आठवते. 'ती आमची कर्णधार' हे मात्र सहज तोंडी बसतं. हे बरोबर आहे ना?

दुसरं, कर्णधाराच्या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट कुणी लिहिली नाही. संघात एक किंवा दोन खेळाडू उरले असताना कर्णधार त्यांना स्वतःहून बाद जाहीर करू शकते. समोरच्या संघाला त्या खेळाडूंचे गुण आणि वर 'लोण'चे, म्हणजे पूर्ण संघ बाद केल्याचे, दोन गुण मिळतात, पण आपल्या साती जणी परत आत येतात. गुणफलकावर ते हार मानल्यासारखं दिसतं. बाहेरून आरडाओरडा होतो. उरलेली चांगली चढाई करणारी असली तर तीही रागावते, 'मला खेळू द्यायचं होतंस' म्हणते. तरी तेव्हाच हो म्हणायला कर्णधार लागते. याला आम्ही 'डिक्लेअर' म्हणतो. मराठी शब्द आहे का?

प्रतिसाद ५ (पहिल्या प्रतिसादाचा लेखक)

ताई, 'ती कर्णधार' अगदी बरोबर. शब्द तोच राहतो, क्रियापद बदलतं: 'कर्णधार म्हणाली'. 'कर्णधारीण' कुणी करू नये. 'नायिका' व्याकरणाने चूक नाही, पण नाटक-सिनेमाने तिचा अर्थ इतका घट्ट करून टाकलाय की मैदानावर ती परकी वाटते.

'डिक्लेअर'साठी 'बाद जाहीर करणं' हे तुम्हीच वर वापरलंत, तेच ठेवा. निवेदकाला माईकवर एका दमात सांगता येतं आणि पहिल्यांदा सामना बघणाऱ्यालाही कळतं. 'डाव सोडणं' वापरू नका, त्यातून माघार घेतल्याचा अर्थ निघतो आणि तुम्ही सांगितलेल्या निर्णयावर तो अन्याय होईल.

कुडाळकर, 'सांभाळून घेणं' मानपत्रात नक्की घालायला हवं. दादा, दुसरं वाक्य तेच करा.

आणि निवेदक मंडळींना एक विनंती. 'कर्णधारपदाची धुरा' म्हणणं टाळा. धुरा म्हणजे गाडीचं जू. कर्णधाराच्या हाती सुकाणू द्या, नाहीतर नुसतं 'कर्णधारपद सांभाळलं' म्हणा. धुरा वाहायचीच असेल तर ती मंडळाच्या अध्यक्षांना द्या, त्यांना ती शोभते.