धसक्यावर काम करायचंय, एम.ए. सायकॉलॉजीनंतर काय? (सोलापूर)

अक्कलकोटरोड_२:
एम.ए.चं शेवटचं वर्ष आहे. अपघात, भाजणं, घरातली मारहाण यांतून बसलेल्या धसक्यावर (ट्रॉमावर) काम करायचंय. दोन महिन्यांचं ऑनलाइन 'ट्रॉमा थेरपिस्ट' सर्टिफिकेट दिसतंय, घेऊ का? आणि परत सोलापुरातच बसलं तर रोजचं काम कसं असतं?

फाइल_नंबर_सात:
सर्टिफिकेट आत्ता नको. ट्रॉमा सायकॉलॉजिस्ट अशी वेगळी नोंदणी आपल्याकडे नाहीच. आधी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं, म्हणजे आरसीआयमान्य (भारतीय पुनर्वसन परिषदेनं मान्य केलेला) कोर्स आणि सीआरआर नंबर, म्हणजे तिच्या नोंदवहीतला नोंदणी क्रमांक. ट्रॉमाचं ट्रेनिंग त्याच्यावर. नुसत्या एम.ए.वर समुपदेशक म्हणून काम मिळतं, पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच्या व्याख्येत तुम्ही बसत नाही.

आतापर्यंत हा कोर्स म्हणजे मुख्यतः एम.फिल., पण त्याच्या भरवशावर राहू नका. यूजीसीनं २०२२ मध्ये एम.फिल. बंद केलं आणि या विषयाला फक्त २०२५-२६ पर्यंत सवलत दिली. पुढचा रस्ता आरसीआयच्या नव्या एम.ए. क्लिनिकल आणि साय.डी.चा (सायकॉलॉजीतली डॉक्टरेट). फी भरण्याआधी आरसीआयच्या साइटवर संस्थेचं नाव आणि मान्यता कोणत्या वर्षापर्यंत आहे, दोन्ही बघा. बहुतेकजण नाव बघतात, वर्ष बघत नाहीत.

सातरस्ता:
कामाबद्दल. पेशंट 'धसका बसलाय' म्हणून येत नाही. छातीत धडधडतंय, झोपेतून दचकून उठतो, ईसीजी नॉर्मल आलाय, असा फिरत फिरत येतो. त्याआधी दृष्ट काढून, देवऋषी करून झालेलं असतं. त्यावरून घरच्यांना बोलू नका, पुढच्या वेळी येणार नाहीत.

पुणे हायवेवरचा अपघात असेल तर पीसीएल-५ (धसक्याच्या लक्षणांची प्रश्नावली) काढण्याआधी विचारा: बेशुद्ध होता का, किती वेळ, उलटी झाली का? चिडचिड, लक्ष न लागणं, झोप बिघडणं डोक्याच्या मारानंही होतं आणि स्कोअर फुगतो. पीसीएल-५ मध्ये २० प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४, एकूण ८०. ३१-३३ च्या पुढे शंका घ्यायची, निदान मुलाखतीतूनच. आणि घटनेला महिना व्हायच्या आत पीटीएसडी (धसक्यानंतर टिकून राहणारा मानसिक आजार) लिहायचं नाही.

पहिल्या आठवड्यात तर थेरपी नकोच. सुरक्षित आहे का बघा, तो बोलेल तेवढं ऐका, घरच्यांशी आणि मदतीशी जोडून द्या. 'सगळं बोलून मोकळा हो' म्हणत एकाच बैठकीत सगळं वदवून घेतल्यानं फायदा होत नाही, उलट त्रास वाढू शकतो.

पूर्वभागकर:
ट्रेनिंगमध्ये न सांगितलेली गोष्ट म्हणजे जागा. प्रोलाँग्ड एक्स्पोजरमध्ये (टाळलेल्या आठवणींना परत परत सामोरं नेणारी थेरपी) पेशंट घटना डोळे मिटून वर्तमानकाळात सांगतो, त्याचं रेकॉर्डिंग घरी रोज ऐकायचं असतं. एका खोलीत सहा माणसं, भिंतीपलीकडे लूम चालू, ऐकणार कुठं? त्यात मोबाइल नवऱ्याच्या हातात आणि मारणाराही तोच असेल तर रेकॉर्डिंग घरी द्यायचंच नाही. बैठका वाढवा, ऐकणं तुमच्याच खोलीत होऊ दे. सीपीटी (घटनेबद्दलचे विचार तपासून बदलायची थेरपी) साधारण १२ बैठकांची, पण तिचे तक्ते लिहायचे असतात. बिडी वळणाऱ्या बाईकडून ते भरून येत नाहीत, मग आपण म्हणतो 'पेशंट सहकार्य करत नाही'. तोंडी करून घ्या.

दुभाषा म्हणून घरातलं पोर कधीच नको.

फाइल_नंबर_सात:
एक कायद्याचं राहिलं. अठराच्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचार कळला तर पॉक्सो कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं, 'गोपनीय ठेवते' असा शब्द देता येत नाही. ही मर्यादा पहिल्या बैठकीतच सांगा. नंतर सांगितली तर विश्वासघात वाटतो.

दिवसाला ट्रॉमाच्या चारच्या वर केसेस लावू नका आणि सुपरव्हिजनचे (अनुभवी थेरपिस्टकडून आपल्या केसेस तपासून घेण्याचे) पैसे फीमध्येच धरा. इथं एकटं बसून काम करणाऱ्याचं पहिलं सुपरव्हिजनच सुटतं.

अक्कलकोटरोड_२:
तेलुगू पेशंटशी बोलता येतं, पण तेलुगू वाचता येत नाही. चालेल?

पूर्वभागकर:
चालतंय की. पेशंटलाही वाचता येईलच असं नाही. '० ते ४' तोंडी सांगून कळत नाही, टेबलावर चार कांड्या ठेवा. एकही उचलली नाही तर 'अजिबात नाही', चारही उचलल्या तर 'फारच'. पण मग ३१ चा आकडा डोळे झाकून लावू नका. त्याच पेशंटचा मागचा स्कोअर आणि आजचा, एवढंच ताडून बघा.