सुनिटिनिब चालू असताना दाढ काढली तर चालेल का?

नौपाडकर:
बाबांना किडनीचा कॅन्सर आहे, हाडात पसरलाय. सुनिटिनिब चालू आहे, चार आठवडे गोळी मग दोन आठवडे सुट्टी, शिवाय हाडांसाठी झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडची सलाईन. आता खालची दाढ इतकी ठणकतेय की रात्र रात्र झोप नाही, गाल पण सुजलाय. घराजवळचा डेंटिस्ट म्हणतो अँटिबायोटिक घ्या, पाच दिवसांनी काढून टाकू. त्याने किमो चालू आहे का विचारलं तर बाबा म्हणाले छे, नुसत्या गोळ्या आहेत! परवापासून गोळीची सुट्टी आहे, तेवढ्यात उरकून घेऊ का?

ऐरोलीची सून:
घाई नका करू हो. सासूबाईंना बेव्हासिझुमॅब हे कॅन्सरचं इंजेक्शन चालू असताना पोर्ट (औषध द्यायला छातीत कातडीखाली बसवतात ती डबी) बसवलं, टाके काढल्यावर जखम पुन्हा उघडली आणि नंतर नुसतं ड्रेसिंग ड्रेसिंग. ते काय नि सुनिटिनिब काय, ही औषधं गाठीला जाणाऱ्या नवीन रक्तवाहिन्या थांबवतात, पण जखम भरायला पण त्याच लागतात ना. बेव्हासिझुमॅब तर अंगात फार दिवस राहतं, ठरवून करायच्या ऑपरेशनच्या आधी किमान २८ दिवस बंद ठेवायला सांगतात.

कळवा_नाका:
माझे काका इमॅटिनिबवर आहेत, ती पण कॅन्सरचीच गोळी, दोन दाढा काढल्या, काही झालं नाही. उगाच घाबरवू नका लोकांना.

दातवाली वाशी:
इमॅटिनिबचं काम वेगळं, त्यावरून सुनिटिनिबचा अंदाज नको. मी डेंटिस्ट आहे म्हणून सांगते, सुनिटिनिब अशा प्रोसिजरच्या आधी शक्य असेल तर किमान तीन आठवडे बंद हवं, म्हणजे तुमची दोन आठवड्यांची सुट्टी पुरत नाही. आणि खरी मेख झोलेड्रॉनिकची आहे, ते हाडात वर्षानुवर्षं बसून राहतं, त्यामुळे आता बंद करून लगेच फरक पडत नाही. दोन्ही मिळून धोका वाढतो, काढलेल्या दाढेची जागा भरतच नाही, जबड्याचं हाड उघडं पडतं, कुजतं, मग महिनोन्महिने पू आणि वास. म्हणून दाढ वाचण्यासारखी असेल तर आधी रूट कॅनल, मुळं आत राहिली तरी चालतील. पण सूज आहे म्हणून नुसतं थांबूनही राहू नका, इन्फेक्शन साठलं तरी जबड्याला वाईटच. एक्स-रे आणि सीबीसी (रक्तपेशी मोजायची तपासणी) करा, सुनिटिनिबने प्लेटलेट्स पण उतरतात. काढावीच लागली तर ऑन्कोलॉजिस्टशी (कॅन्सरच्या डॉक्टरांशी) बोलून ओरल सर्जनकडेच. आणि गोळी कधी बंद, कधी चालू हे ऑन्कोलॉजिस्टच ठरवणार, घरी ठरवू नका प्लीज.

नौपाडकर:
बाप रे, झोलेड्रॉनिकचं त्या डेंटिस्टला सांगितलंच नव्हतं, हाडं मजबूत करायचं औषध असं समजून चाललो होतो. आत्ता फोन करून अपॉइंटमेंट कॅन्सल केली. खारघरची ओपीडी सोमवारी आहे पण गाल बघता उद्याच तिथे फोन लावतो. ताई, रूट कॅनलला पण भूल द्यायला सुई टोचणारच ना, ते चालतं?

दातवाली वाशी:
हो, त्याने सहसा काही होत नाही. ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळताना त्रास व्हायला लागला तर मात्र फोनच्या भानगडीत पडू नका, सरळ कॅज्युअल्टीत घेऊन जा, सगळ्या औषधांची फाईल सोबत.