पहाटे पोटरीत येणाऱ्या गोळ्यांची वेळ टिपून ठेवा

वडिलांना पार्किन्सन्स (हालचाली मंदावणारा मेंदूचा आजार) आहे, त्यांच्या पोटरीत पहाटे गोळे येतात, चोळूनही उतरत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या आईचंही असंच व्हायचं. अंगठा वर ताठ, बाकीची बोटं तळव्याकडे मुडपलेली, पाऊल आत ओढलेलं. नुसता हात लावला तरी कळवळायची. पार्किन्सन्समध्ये हा डिस्टोनिया, म्हणजे स्नायू आपोआप आवळून पिळवटणं, असू शकतो. रात्री घेतलेल्या लेव्होडोपा या पार्किन्सन्सवरच्या औषधाचा अंमल पहाटेपर्यंत ओसरतो, म्हणून तेव्हाच जास्त छळतो. आम्ही 15 दिवस औषधाची आणि दुखण्याची वेळ वहीत लिहिली. ती पाहून डॉक्टरांनी झोपताना सावकाश विरघळणारी गोळी दिली आणि खरंच फरक पडला. डोस मात्र मनाने बदलू नका. तोवर पोटरी कोमट शेका, पाऊल हलकेच वर ताणून धरा. हिसका अजिबात देऊ नका, आणखी आवळतं.