लेन्स करेक्शनची ती टिक: लावायची की काढायची?

काठावरचा

गेल्या आठवड्यात घरच्या सगळ्यांचा एकत्र फोटो काढला. खोली लहान, माणसं अठरा, म्हणून झूम २४ मिमीवर, म्हणजे बऱ्यापैकी रुंद कोनावर. नंतर रॉ फाइल (कॅमेऱ्याची प्रक्रिया न झालेली मूळ फाइल) उघडली, सवयीने लेन्स प्रोफाइलवर (लेन्सने वाकवलेल्या रेषा सरळ करणाऱ्या तयार दुरुस्तीवर) टिक केली आणि डाव्या टोकाचे काका डोळ्यांदेखत जाड झाले. टिक काढली, काका पूर्ववत. चार वेळा हाच खेळ करून पाहिला. मागची भिंत आधी जराशी फुगलेली होती, ती टिकेनंतर सरळ झाली हे कबूल. पण त्या फोटोत भिंत बघायला कोण येणार आहे?

माझं म्हणणं असं की ही टिक आपोआप लागलेली नसावी. करेक्शन फुकटात होत नाही. बॅरल डिस्टॉर्शनमध्ये, म्हणजे सरळ रेषा पिंपासारख्या बाहेर फुगतात त्या दोषात, कोपरे आत ओढले गेलेले असतात, सॉफ्टवेअर ते परत बाहेर ताणतं. जिथे लेन्स मुळातच सर्वात मऊ, म्हणजे धूसर असते तिथलेच पिक्सेल ताणले जातात, मधली जागा अंदाजाने भरली जाते, वर कडा कापल्या जातात. सरळ रेषा विषयाचा भाग असतील तेव्हाच करेक्शन करावं. डोंगर, पक्षी, पोर्ट्रेट यांना हात लावू नये.

ओळंबा

मी इमारतींचे फोटो काढतो, तेव्हा माझी बाजू कोणती हे नावावरून कळलंच असेल.

काकांचं पाप करेक्शनच्या माथी मारू नका. सपाट सेन्सरवर सरळ रेषा सरळ ठेवायच्या म्हटल्या की कडेच्या गोल वस्तू लांबट होणारच. फुल फ्रेमवर (३६ बाय २४ मिमीच्या सेन्सरवर) २४ मिमीने फ्रेमच्या आडव्या टोकाशी कोन सुमारे ३७ अंशांचा होतो आणि तिथलं डोकं उंचीच्या मानाने बरोबर सव्वापट रुंद दिसतं. लेन्स निर्दोष असली तरीही. तुमच्या लेन्सच्या बॅरलने हा ताण थोडा झाकला होता, टिकेने झाकण उडवलं एवढंच. उपाय सोपा आहे: काकांना मधे घ्या, किंवा दोन पावलं मागे जा.

काठावरचा

मागे भिंत होती हो. म्हणून तर २४.

आणि 'थोडा झाकला' नाही, बराच झाकला. सरकण्याचं अंतर केंद्रापासूनच्या अंतराच्या घनाने वाढतं, म्हणजे कडेला ३ टक्के बॅरल असेल तर त्या जागी बाहेरच्या दिशेचा ताण ३ नाही, ९ टक्के कमी झालेला असतो. उभ्या दिशेचा ३ टक्केच. हिशोब करा, तुमचं सव्वापट १.१७ वर येतं. चेहऱ्यावर हा फरक कुणालाही दिसेल. अठरापैकी एकालाही सरळ भिंत हवी होती असं वाटत नाही. काकांना मात्र स्वतःचा चेहरा हवा होता.

ओळंबा

हिशोब मान्य. पण चेहऱ्यासाठी लेन्सच्या दोषावर विसंबणं म्हणजे घड्याळ पुढे आहे म्हणून वेळेवर पोचणं. दुसरी लेन्स लावलीत की काका पुन्हा जाड. कडेचे गोल गोल ठेवायला वेगळी दुरुस्ती असते, 'व्हॉल्यूम डिफॉर्मेशन' नावाची, डीएक्सओच्या व्ह्यूपॉइंट या सॉफ्टवेअरमध्ये आहे. भिंत थोडी वाकते, चेहरे सुटतात, आणि हे तुम्ही जाणूनबुजून ठरवता.

काचेमागचा

दोघांचंही एक गृहीत जुनं आहे: आधी 'खरा' फोटो असतो आणि करेक्शन त्यावर चढवलेला मेकअप असतो. आजच्या बऱ्याच लेन्सना हे लागू नाही.

मिररलेसच्या (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांच्या) काळात डिझायनर डिस्टॉर्शन मुद्दाम शिल्लक ठेवतो. डिस्टॉर्शनने चित्र फक्त जागेवरून सरकतं, धूसर होत नाही, त्यामुळे ते गणिताने परत आणता येतं. कोमा किंवा अस्टिग्मॅटिझम या धूसर करणाऱ्या दोषांनी गेलेला तपशील असा परत येत नाही. म्हणून काच तिकडे खर्च करायची आणि रेषा सॉफ्टवेअरवर सोपवायच्या. मायक्रो फोर थर्ड्स ही मिररलेस कॅमेऱ्यांची प्रणाली २००८ मध्ये आली ती याच पद्धतीने, दुरुस्तीची माहिती रॉ फाइलमध्येच बसवून. कॅननची आरएफ १६ मिमी एफ/२.८ करेक्शन न करता उघडून बघा. इतकी फुगलेली चौकट तुम्ही क्वचितच पाहिली असेल. ती लेन्स लहान आणि हलकी आहे ती त्याच फुगवट्याच्या जिवावर.

अशा लेन्सची टिक काढणं म्हणजे अर्धं भाजलेलं ताटात वाढून घेणं. कोपऱ्यातलं जे जास्तीचं दृश्य 'मिळालं' म्हणून आनंद होतो, ते डिझायनरने तुम्हाला दाखवायचं ठरवलेलंच नव्हतं. लेन्सचा सांगितलेला कोन करेक्शन धरून असतो.

नवी लेन्स

मध्येच विचारते, रागावू नका. मी प्रोफाइल लावलं, तरी उंच इमारत मागे कलंडल्यासारखीच दिसते. माझ्या लेन्सचं प्रोफाइल चुकीचं आहे का?

ओळंबा

प्रोफाइल बरोबर आहे, कॅमेरा वर रोखलेला होता. रेषा धनुष्यासारखी वाकली तर डिस्टॉर्शन. रेषा सरळच आहे पण तिरकी जाते, वरती दोन रेषा जवळ येतात, तर पर्स्पेक्टिव्ह. तो लेन्सचा दोष नाही. त्याची सरकपट्टी वेगळी असते, आणि ती आधी डिस्टॉर्शन काढून मगच वापरायची. उलट केलंत तर वाकलेली रेषा तिरकीही होते आणि मग कोणतीच पट्टी तिला पुरी पडत नाही.

अजून एक: आधीच क्रॉप केलेल्या जेपीईजीला प्रोफाइल लावू नका. प्रोफाइल फ्रेमचा मध्य हाच लेन्सचा मध्य धरतं.

शिवणकाम

मी पॅनोरामा जोडतो, मला टिक नकोच असते, आणि माझं कारण काकांपेक्षा भक्कम आहे. ह्यूगिनसारखं सॉफ्टवेअर शेजारशेजारच्या फोटोंतले समान बिंदू जुळवताना लेन्सचं डिस्टॉर्शन स्वतःच शोधून काढतं. तुम्ही आधीच सरळ केलेली, वर कडा कापलेली फाइल दिलीत तर त्याला लेन्स ओळखता येत नाही आणि पिक्सेल दोनदा ताणले जातात. फोटोंवरून त्रिमितीय मॉडेल बनवणारेही मूळ फाइलच मागतात.

काचेमागचा

बरोबर, पण म्हणजे तुमच्याकडेही करेक्शन होतंच, फक्त एकदाच आणि शेवटी. हे काठावरच्यांच्या बाजूचं मत नाही.

शिवणकाम

मी कुणाच्याच बाजूचा नाही, मला फक्त शिवण दिसायला नको.

काठावरचा

मुद्दे घेतो एकेक. काचेमागच्यांची १६ मिमी मला मान्य आहे. तिथे टिक काढायची मीही म्हणणार नाही. पण माझी झूम जुनी, एसएलआरसाठी, म्हणजे आरशाच्या कॅमेऱ्यासाठी बनलेली आहे. तिचा डिझायनर सॉफ्टवेअरच्या भरवशावर नव्हता.

कोपऱ्यांचं मात्र कुणीच उत्तर दिलं नाही. २४ मेगापिक्सेल फ्रेम म्हणजे ६००० बाय ४०००, मध्यापासून कोपऱ्यापर्यंत सुमारे ३६०० पिक्सेल. ५ टक्के बॅरल असेल तर कोपरा १८० पिक्सेल सरकवावा लागतो. अर्ध्या वाटेवर तेच जेमतेम २२. सगळा मार कोपऱ्यांना. डोंगरावरच्या झाडीत हे मला दिसतं, आणि तिथे सरळ करायला एकही रेषा नसते.

ओळंबा

क्षितिज असतं. समुद्राचा फोटो काढून क्षितिज फ्रेमच्या वरच्या तिसऱ्या भागात ठेवा, मग सांगा. आणि लेन्स मिशीवाली निघाली, म्हणजे मधे फुगलेली आणि टोकांना उलट वळलेली, तर हाताने सरकवायच्या एका पट्टीने ते क्षितिज कधीच सरळ होणार नाही. मध्य सरळ केला की टोकं वर जातात. तिथे मोजून बनवलेलं प्रोफाइलच लागतं.

माझ्या नावाचं श्रेयही इथेच घेतो: डुएन ब्राउन यांनी १९७१ मध्ये लेन्सचं डिस्टॉर्शन मोजण्याची पद्धत मांडली ती टांगलेल्या ओळंब्यांचे फोटो काढून. ओळंब्याची दोरी सरळच असणार, मग फोटोत ती जितकी वाकली तितका लेन्सचा दोष.

नवी लेन्स

मग मधला मार्ग नाही का? लाइटरूम या फोटो-सॉफ्टवेअरमध्ये प्रोफाइलखाली डिस्टॉर्शनची पट्टी ० ते २०० अशी दिसते. ती १०० वरच का ठेवायची?

काठावरचा

आत्ताच ४० वर आणून बघितली. काका बरे दिसतात. भिंत फुगलेली आहे, पण शोधावी लागते.

ओळंबा

शोधावी लागत नाही. काकांच्या मागे दाराची चौकट आहे.