पावसाळ्यातल्या पालेभाजीसाठी घरात ग्रो बॉक्स: करावा, की खिडकीची ग्रिलच बरी?

कुंडीकर
माझं मत आधीच सांगतो. मुंबईच्या फ्लॅटमध्ये जून ते सप्टेंबर लेट्यूस, बेसिल, कोथिंबीर हवी असेल तर ग्रिलच्या भरवशावर राहू नका, ग्रो बॉक्सच करा, म्हणजे दिव्यांखाली रोपं वाढवायची बंद पेटी. ढग हे कारण सगळ्यांना माहीत आहे. दुसरं कारण सूर्याच्या जागेचं. मुंबई 19 अंश उत्तरेला आहे, त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेकडे सरकलेला असतो. शून्य सावलीचे, म्हणजे भर दुपारी सावली पायाखाली जाते ते, दोन दिवस येतात ते या काळाच्या दोन टोकांना. हिवाळ्यात भरभरून ऊन देणारी दक्षिणेची खिडकी नेमकी तेव्हा थेट उन्हाला मुकते. उत्तरेच्या खिडकीला ऊन मिळायचे दिवस हेच, पण वर ढग. रोपं मग पांढरट, लांब मानेची होतात आणि आडवी पडतात.

बॉक्स 60 बाय 60 सेंमी, उंची 90. साध्या प्लायचा करू नका, पावसाळ्यात फुगतो आणि कडांना बुरशी धरतो. पीव्हीसी फोम शीट किंवा डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक यांचा बोर्ड) घ्या. आतून मॅट पांढरा रंग. चुरगळलेल्या फॉइलपेक्षा तो प्रकाश चांगला परततो, आणि वायरशेजारी धातूचा पत्रा नको हेही आहेच. वर 10 वॉटच्या दोन फुटी एलईडी बॅटन (ट्यूबलाइटसारख्या पट्ट्या) सहा, 6500 के म्हणजे पांढऱ्या उजेडाच्या. पानांपासून अंतर 20 ते 25 सेंमी. पानाच्या पातळीवर 12 ते 13 हजार लक्स (उजेडाचं माप) मिळतात, आणि ते रोज 16 तास दिले की पालेभाजीचं भागतं. हवेसाठी 120 मिमीचे दोन कॉम्प्युटर फॅन: खालचा हवा आत घेणारा, वरचा बाहेर टाकणारा. बॅटन लोहार चाळीत, फॅन आणि 12 व्होल्टचा अडॅप्टर लॅमिंग्टन रोडला.

ग्रिलवाली_माहीम
मला हे अजिबात पटत नाही. हिशोब करून बघा. 60 वॉट, 16 तास, म्हणजे दिवसाला जवळजवळ एक युनिट. 15 सेंमी अंतराने 16 रोपं बसतात. पुनर्लागवडीपासून काढणीपर्यंत 35 ते 40 दिवस, आणि एवढ्या प्रकाशात गड्डा 80 ते 100 ग्रॅमच्या वर जात नाही. म्हणजे दीड किलो पाल्याला 38 युनिट, किलोला 25. फॅन, खत, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) वेगळं. दहा रुपये युनिट धरलं तरी नुसती वीज किलोला अडीचशेची. भाजी म्हणून हे परवडत नाही, आणि परवडतं असं नवीन माणसाला सांगणं बरोबर नाही.

पावसाळ्यात ग्रिल रिकामी ठेवायचीही गरज नाही. अळू, अंबाडी, गवती चहा, पुदिना, पानओवा यांना आपला पावसाळा मानवतो. त्या दिवसांत लेट्यूसच हवं हा हट्ट कशाला?

कुंडीकर
तुमचा हिशोब बरोबर आहे, मी तो नाकारत नाही. पण किलोचा भाव पाहून बॉक्स कुणी करत नाही. बेसिलची चार पानं हवी असतात तेव्हा बाजारातून अख्खी जुडी आणावी लागते आणि उरलेली फ्रिजमध्ये काळी पडते. अळू मलाही हवं, पण ग्रिलमध्ये अळूची कुंडी ठेवून रोज पाणी घातलं की ते खालच्या मजल्यावरच्यांच्या कपड्यांवर ठिबकतं. सोसायटीतली निम्मी भांडणं तिथूनच सुरू होतात.

तापमापक
दोघांचंही उष्णतेकडे दुर्लक्ष झालंय. 60 वॉटची जवळपास सगळी वीज शेवटी उष्णताच होते. फॅनच्या खोक्यावर 60 ते 70 सीएफएम (मिनिटाला इतके घनफूट हवा) लिहिलेलं असलं तरी जाळी आणि छोटं भोक यांतून प्रत्यक्षात 20 सीएफएम मिळाले तर आतली हवा खोलीपेक्षा 5 अंशांनी तापते. 40 मिळाले तर पावणेतीन अंश. मेमध्ये खोली 32 अंशांवर, म्हणजे बॉक्स 35 ते 37. लेट्यूस 27-28 च्या वर कडू होऊन तुऱ्यावर येतं, कोथिंबीरही तशीच. एसी नसलेल्या खोलीत मार्च ते जूनचा पहिला पाऊस हा काळ लेट्यूससाठी सोडून द्या. बेसिल मात्र तगतं.

आणि मुळं पाण्यात बुडवणारी पद्धत मुंबईत नकोच. पाणी 25-26 अंशांच्या वर गेलं की त्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी होतो आणि मुळं कुजवणाऱ्या पिथियमला फावतं. मुळं आधी तपकिरी, मग बुळबुळीत. बोटांत धरून ओढलं की वरची साल निघून येते, आत नुसता दोरा उरतो. कोकोपीट भरलेली कुंडी बरी.

कुंडीकर
उन्हाळ्याबद्दल मान्य. पावसाळ्यात मात्र तीच उष्णता कामी येते. बाहेर 28 अंश आणि 90 टक्के आर्द्रता असताना तीच हवा आत चार अंशांनी तापली की आर्द्रता 71-72 टक्क्यांवर येते. रोपं स्वतः बाष्प सोडतात म्हणून प्रत्यक्षात थोडी जास्त राहील, पण पान कोरडं राहतं, आणि बेसिलवरच्या केवडा रोगाला ओलं पान लागतं. रात्रीची हवा जास्त दमट, म्हणून दिवे रात्री लावा: संध्याकाळी 7 ते सकाळी 11. फॅन चोवीस तास चालू.

मीठमोजणारा
खताचं कुणीच बोललं नाही, आणि बहुतेकांचं पीक तिथेच बसतं. दुकानदार 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत) देतो. त्यात कॅल्शियम नसतं. पालिकेचं तलावाचं पाणी मऊ, त्यातूनही फारसं मिळत नाही. मग लेट्यूसच्या मधल्या कोवळ्या पानांच्या कडा करपतात आणि लोक त्याला बुरशी समजून फवारणी करत बसतात. शिवाय या खतातला बराचसा नायट्रोजन युरियाचा असतो. तो जिवाणूंनी फोडल्याशिवाय रोपाला नीट वापरता येत नाही, ईसी मीटरवरही (पाण्यात विरघळलेले क्षार मोजतं ते) दिसत नाही.

प्रमाण: लिटरला अर्धा ग्रॅम 19:19:19, अर्धा ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट, पाव ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट. दाट द्रावणं करणार असाल तर कॅल्शियमची बाटली वेगळी ठेवा, नाहीतर फॉस्फेटबरोबर पांढरा साका तळाला बसतो आणि दोन्ही वाया जातात. पीएच 5.5 ते 6.5. टँकर किंवा बोअरचं पाणी असेल तर हे प्रमाण धरू नका, आधी पाण्याचा ईसी बघा. 

ग्रिलवाली_माहीम
कडा करपतात त्या नुसत्या खत कमी म्हणून नाही. बंद पेटीत हवा हलत नाही, पानातून बाष्प जात नाही, म्हणून कॅल्शियम आतल्या पानांपर्यंत चढत नाही. ग्रिलमध्ये वारा असतो, तिथे हा त्रास क्वचित.

मीठमोजणारा
खरं आहे. म्हणून बाहेर टाकणाऱ्या फॅनशिवाय आत एक छोटा फॅन हवा, पानं जेमतेम हलतील एवढाच. आणि कोकोपीट न धुता वापरू नका. 650 ग्रॅमच्या विटेचं 8-9 लिटर होतं, दोनदा धुवा, तिसऱ्यांदा कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात रात्रभर ठेवा.

फेज_न्यूट्रल
विजेचं मला कळकळीने सांगायचंय, कारण पाणी आणि 230 व्होल्ट एकाच पेटीत आहेत. एक्स्टेंशन बोर्ड बॉक्सच्या बाहेर आणि कुंड्यांपेक्षा वरच्या पातळीला. प्रत्येक वायरला आत शिरण्याआधी खाली झोळ द्या, म्हणजे ओघळलेलं पाणी झोळावरून टपकेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. घरात 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे का, ते मेन बोर्डावर बघा आणि तिचं टेस्ट बटण दाबून घ्या. जुन्या चाळींत बऱ्याचदा अर्थिंगच नसतं. तिथे आधी वायरमन बोलवा, बॉक्स नंतर.

झाडांसाठी म्हणून विकतात ते जांभळे दिवे घेऊ नका. त्या प्रकाशात पिवळं पान आणि बुरशीचा डाग ओळखू येत नाही. शिवाय रात्री खिडकीतून जांभळा उजेड दिसला की शेजारी गांजाची शंका घेतात. गांजाची लागवड अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याच्या कलम 20 खाली गुन्हा आहे, 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, तेव्हा या शंकेला कुणी हलकं घेऊ नये. पांढरे दिवे लावा.

वाळूतली_मेथी
ग्रिल की बॉक्स, दोन्ही टोकांची मतं झाली. मधली वाट आपल्याकडे केव्हाची आहे: समुद्रमेथी. मुंबईच्या किनाऱ्यावर वाळूत वाढवलेल्या, पांढऱ्या देठाच्या त्या इवल्या जुड्या. हीच कल्पना घरात उथळ ट्रेमध्ये करा. मेथी, मोहरी, मुळा, 7 ते 10 दिवसांत तयार. 4 ते 5 हजार लक्स पुरतात, म्हणजे तेवढ्याच जागेला दोन बॅटन बास. खत लागत नाही, बी स्वतःचं अन्न घेऊन येतं. फक्त बियाण्यावर औषधाचा लेप नसावा, वाण्याकडची खायची मेथी चालते. मेथी रात्रभर भिजवा. मोहरी भिजवू नका, चिकट होते.

आणि कुंड्यांखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंड्यापासून उडायला आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एकदा ताटल्या रिकाम्या करून घासा, कारण अंडी कडेला चिकटून राहतात.

ग्रिलवाली_माहीम
दोन बॅटनची मेथी मला चालेल. दहा दिवसांना तीन-साडेतीन युनिट, हा हिशोब जमतो. लेट्यूसच्या बाबतीत माझं मत तेच आहे.

कुंडीकर
माझंही. फक्त वरच्या यादीत एक बदल करतो: सहाही बॅटन एकाच स्विचवर नको, दोन आणि चार अशा वेगळ्या. मेथी लावली की दोनच लावायच्या.